जनस्थान : गाव नसलेल्या राक्षसांचा इतिहास

१

मराठी साहित्यव्यवहारात ‘जनस्थान’ हा शब्द आज एका मानाच्या पुरस्काराचे नाव म्हणून परिचित आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने १९९१ मध्ये हा पुरस्कार सुरू केला. पहिला मान विजय तेंडुलकरांना मिळाला. २००७ मध्ये तो बाबुराव बागुलांना देण्यात आला. ‘जनांचे स्थान’ हा या सामासिक शब्दाचा उघड अर्थ, आणि लोकाभिमुख साहित्याच्या गौरवाला तो शोभूनही दिसतो. परंतु ज्या ग्रंथाच्या पुण्याईने हे नाव नाशिकला चिकटले त्या वाल्मीकिरामायणात जनस्थान हे राक्षसांचे ठाणे आहे. तेथे खराची सत्ता आहे, दूषण त्याचा सेनापती आहे, आणि १४,००० राक्षस त्याच्या आज्ञेत आहेत. मराठीतील एका श्रेष्ठ पुरस्काराचे नाव राक्षसांच्या वसाहतीवरून यावे हा केवळ गमतीचा योगायोग मानून पुढे जाता येईल. तथापि या नावाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने गंभीर आहे : जनस्थानातले हे ‘जन’ कोण होते, आणि त्यांच्या राहणीची कल्पना आपल्या परंपरेने कशी केली?

या प्रश्नाची दोन उत्तरे परंपरेत आढळतात. पहिल्या उत्तरात राक्षस हा अरण्याला लागलेला रोग आहे. तो ऋषींना खातो, यज्ञ विटाळतो, आणि तो नाहीसा झाल्याखेरीज अरण्य पवित्र होत नाही. दुसरे उत्तर आधुनिक काळातले. त्यात राक्षस हाच अरण्याचा खरा धनी ठरतो. तो निसर्गाशी एकरूप होऊन राहणारा, आणि बाहेरून आलेल्यांनी उद्ध्वस्त केलेला आदिम माणूस असतो. ही दोन उत्तरे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत असा सर्वसाधारण समज आहे. बारकाईने पाहिले असता मात्र दोहोंत एक उणीव समान असल्याचे दिसते : दोन्ही कल्पनांनी राक्षसाला रान दिले, गाव दिले नाही. या उणिवेचा अर्थ काय, आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

आरंभ मूळ संहितेपासूनच केला पाहिजे. अरण्यकांडात निसर्गवर्णनाची वाण नाही. पंचवटीत पर्णकुटी उभारताना दिसणारी गोदावरी, तिच्या काठचे फुललेले वृक्ष, नदीवरचे पक्षी आणि जवळ येणारे मृग यांचे चित्र कवीने प्रेमाने रेखाटले आहे. त्यापाठोपाठ लक्ष्मणाच्या मुखाने हेमंत ऋतूचे जे वर्णन येते ते संस्कृत काव्यातील ऋतुवर्णनांत उच्च कोटीचे आहे. ऋषींच्या आश्रमांचेही तपशील मिळतात : दर्भ, वल्कले, अग्निशाळा, फळे, पाणी. म्हणजे अरण्यातील वस्ती कशी वर्णावी हे या कवीला उत्तम ठाऊक आहे.

मग जनस्थानाचे वर्णन कोठे आहे? ते जवळजवळ नाहीच. तेथे किती राक्षस आहेत हे कळते, त्यांची शस्त्रे कळतात, प्रमुख योद्ध्यांची नावे कळतात. पण घरे दिसत नाहीत, चूल दिसत नाही, मुले, म्हातारी माणसे दिसत नाहीत. शूर्पणखा सोडली तर या वस्तीतील एकही स्त्री व्यक्ती म्हणून समोर येत नाही. हे राक्षस काय पिकवतात, काय गोळा करतात, पाणी कोठून भरतात, याविषयी काव्य मौन पाळते. त्यांच्या आहाराबाबत एवढेच सांगितले जाते की ते माणसे खातात. ऋषी रामाला हाडे दाखवतात तेवढाच त्यांच्या जेवणाचा पुरावा. आणि ज्यांचा संसार दिसलेला नाही त्यांचा अंतही हिशेबासारखा होतो : दीड मुहूर्तात, म्हणजे आजच्या घड्याळाने सव्वा तासाच्या आत, एकटा राम त्या १४,००० जणांना मारतो. पुढे सीतेला लंकेत नेल्यावर रावण आठ राक्षसांना ओस पडलेल्या जनस्थानात जाऊन राहण्यास आणि रामावर नजर ठेवण्यास पाठवतो. या प्रसंगात जनस्थान ‘शून्य’ झाले आहे. पण ते भरलेले असताना कसे होते हे वाचकाला कधीच दाखवले गेले नव्हते. म्हणून त्याच्या शून्य होण्याने वाचक हलत नाही. वसतिस्थानाचे वर्णन टाळणे हे येथे युद्धाच्या नैतिक सोयीचे तंत्र ठरले आहे.

कवीला राक्षसांची वस्ती रंगवता येत नव्हती असे म्हणावे तर सुंदरकांड त्याची साक्ष देत नाही. लंकेत घरे आहेत, रस्ते आहेत, पानगृहे आहेत, निजलेल्या स्त्रिया आहेत. पहाटे षडंगवेद जाणणाऱ्या राक्षसांचा वेदघोष हनुमंताच्या कानी पडतो. लंकेतली अशोकवनिका ही जोपासलेली बाग आहे, आणि ती मोडून टाकणारा राक्षस नसून रामाचा दूत आहे. म्हणजे नगरवासी राक्षसाला या महाकाव्यात संस्कृती आहे; अरण्यवासी राक्षसाला नाही. हा भेद राक्षस आणि मानव यांच्यातला नसून नगर आणि रान यांच्यातला आहे, ही गोष्ट टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

याच कांडात एक आक्षेपही नोंदवलेला आहे, आणि तो सीतेचा आहे. प्रचलित पाठाच्या नवव्या सर्गात, दंडकारण्यात आत शिरत असताना, ती रामाला विचारते की ज्यांच्याशी आपले वैर नाही अशा राक्षसांना मारणे धर्माला धरून आहे काय. शस्त्र जवळ बाळगल्याने तपस्व्याची बुद्धी कशी पालटली याची एक कथा ती सांगते. राम तिचे म्हणणे प्रेमाने ऐकतो आणि ऋषींना दिलेल्या वचनाचा दाखला देऊन बाजूला ठेवतो. सीतेचा प्रश्न अनुत्तरित राहिला असला तरी संहितेतून पुसला गेला नाही. पुढच्या सर्व उलट वाचनांचे बीज येथेच आहे असे म्हणता येईल.

उत्तरकांडात चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. हे कांड मागाहून जोडले गेले असे बहुसंख्य अभ्यासक मानतात, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे आहे : मूळ कथेतील रिकाम्या जागा पुढच्या पिढ्यांना जाणवल्या, आणि त्यांनी त्या भरल्या. जनस्थानाविषयी आणि राक्षसांविषयी या कांडात तीन वेगवेगळ्या कथा मिळतात. पहिलीत प्रजापती आधी पाणी निर्माण करतो आणि त्या पाण्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्माण करतो. त्यांतील ज्यांनी ‘रक्षामः’, आम्ही रक्षण करतो, असे म्हटले ते राक्षस झाले, आणि ज्यांनी ‘यक्षामः’ म्हटले ते यक्ष. दुसरीत दंड नावाच्या राजाने शुक्राचार्यांच्या कन्येवर, अरजेवर, बलात्कार केला; शुक्राच्या शापाने त्याचे समृद्ध राज्य धुळीने झाकले गेले आणि त्याचेच दंडकारण्य झाले; जेथे तपस्वी राहिले त्या भागाला जनस्थान हे नाव पडले. तिसरीत शूर्पणखेचा नवरा विद्युज्जिह्व रावणाच्याच हातून युद्धात मारला जातो. तिचे सांत्वन म्हणून रावण तिला खराबरोबर दंडकारण्यात पाठवतो आणि १४,००० राक्षसांचे बळ त्याच्या दिमतीला देतो.

या तीन कथा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तेच त्यांचे मोल आहे. पहिलीत राक्षस हे पाण्याचे आद्य रखवालदार ठरतात. दुसरीत अरण्य हे मुळात अरण्यच नव्हते. ते एका राजाच्या अत्याचाराने उजाड झालेले राज्य होते, आणि जनस्थानचे ‘जन’ राक्षस नसून तपस्वी होते. तिसरीत राक्षस हे त्या भूमीचे मूळ रहिवासीही नाहीत. दूरच्या एका सत्तेने वसवलेली ती लष्करी छावणी आहे. ‘राक्षस म्हणजे मूलनिवासी’ हे समीकरण मांडणाऱ्यांना पहिली कथा सोयीची वाटते, तिसरी अडचणीची. ‘राक्षस म्हणजे आक्रमक’ म्हणणाऱ्यांचे याच्या उलट होते. संहिता मात्र दोघांनाही निर्वेध आधार देत नाही.

३

मराठी परंपरेने या वारशाचे काय केले? पैठणच्या एकनाथांनी, म्हणजे गोदेच्याच काठी राहणाऱ्या कवीने, सोळाव्या शतकात भावार्थरामायण रचले; युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायानंतरचा भाग त्यांच्या मागे गावबाने पुरा केला असे परंपरा मानते. ‘भावार्थ’ या नावातच वाचनाची दिशा सांगितलेली आहे. येथे राक्षस एका पातळीवर देहातील विकार होतात आणि दुसऱ्या पातळीवर, अनेक अभ्यासकांनी दाखवल्याप्रमाणे, समकालीन जुलमी सत्तेची सावली त्यांच्यावर पडते. दोन्ही अर्थ त्या काळाच्या गरजेतून आलेले आणि काव्यदृष्ट्या समर्थ आहेत. परंतु विकाराला गाव नसते, आणि रूपकातल्या जुलमी सत्तेलाही चूल नसते. राक्षसाचे रूपक जितके व्यापक झाले तितके जनस्थान भूमीवरून उठून अर्थाच्या प्रदेशात गेले.

रामदासांचे उदाहरण याहून बोलके आहे. परंपरेप्रमाणे त्यांची तपश्चर्या नाशिकजवळच्या टाकळीला झाली. म्हणजे ज्या रानाला दंडकारण्य म्हणत त्याच्या सान्निध्यात त्यांच्या उमेदीची वर्षे गेली. तरीही त्यांच्या रामायणरचनेचा भर सुंदर आणि युद्ध या दोन कांडांवर आहे. अरण्यात राहिलेल्या कवीला अरण्यकांडापेक्षा लंकेचे युद्ध महत्त्वाचे वाटले. सतराव्या शतकातील महाराष्ट्राच्या संदर्भात ही निवड समजण्यासारखी आहे. पण तिच्यामुळे जनस्थानच्या रिकाम्या जागेकडे मराठी कवितेची पाठच राहिली.

विसाव्या शतकात, १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणात, ग. दि. माडगूळकरांनी ५६ गीतांपैकी एक शूर्पणखेला दिले. एका राक्षसीच्या तोंडी स्वतंत्र गीत येते आणि घराघरांत ऐकले जाते, ही घटना लहान नाही. मात्र त्या गीतातही ती मोहित स्त्री म्हणून बोलते. आपल्या वस्तीविषयी, आपल्या माणसांविषयी नव्हे.

स्थानिक स्थळकथांनी या ग्रंथपरंपरेला भूगोल पुरवला. नासिका कापली म्हणून नाशिक, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. नऊ शिखरे म्हणून नवशिख, अशी दुसरीही सांगितली जाते. तपोवनात, कपिला आणि गोदा यांच्या संगमापाशी, शूर्पणखेच्या विटंबनेची जागा दाखवतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेल्या काळाराम मंदिराने पंचवटीला भव्य केंद्र दिले. रामाच्या, सीतेच्या, लक्ष्मणाच्या जागा अशा एकेक करून निश्चित झाल्या. खराच्या वस्तीची अशी मानाची जागा यात्रेकरूंच्या वाटेवर नाही. एका स्त्रीच्या कापलेल्या नाकावरून शहराचे नाव पडले असे सांगणाऱ्या कथेला त्या स्त्रीचे घर कोठे होते हे सांगण्याची गरज वाटली नाही.

याच भूमीवर ‘जन’ कोणाला म्हणावे हा प्रश्न आधुनिक काळात पुन्हा उभा राहिला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे काही वर्षे चालवला. तो रामायणाच्या अर्थनिर्णयनाचा वाद नव्हता. पण जनस्थान म्हणवणाऱ्या क्षेत्रात माणसांचा एक मोठा समूह दाराबाहेर ठेवलेला आहे हे त्याने उघड केले. आणि त्यानंतर या नावाचे निरागस वाचन करणे शक्य राहिले नाही.

४

राक्षसाच्या बाजूने उभे राहण्याची आधुनिक परंपरा १९ व्या शतकात सुरू होते. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांच्या ‘मेघनादवध’ काव्याने १८६१ मध्ये करुणेचा आणि वीराचा मान रावणपुत्राला दिला. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याहून मूलगामी पाऊल उचलले. त्यांनी राक्षस हा शब्द ‘रक्षक’ असा वाचला; हे लोक भूमीचे रक्षणकर्ते होते आणि त्यांना जिंकणाऱ्यांनी त्यांचे नाव शिवीसारखे केले, असे प्रतिपादन केले. उत्तरकांडातील ‘रक्षामः’ ही कथा आणि फुल्यांची व्युत्पत्ती यांचा धातू एकच आहे. मात्र उत्तरकांडाने ज्याची केवळ पुराणकथा केली त्याचा फुल्यांनी राजकीय प्रश्न केला. त्यांच्या मांडणीला लोकजीवनात आधारही होता : दिवाळीत बळीचे राज्य यावे अशी इच्छा करणाऱ्या समाजात असुर हा केवळ भयाचा विषय नव्हता.

फुल्यांच्या वाचनाचे एक वैशिष्ट्य आवर्जून नोंदवले पाहिजे. त्यांच्या बळीराज्यात खंडोबा, म्हसोबा, जोतिबा हे अधिकारी आहेत. महसूल आहे, शेती आहे, न्यायनिवाडा आहे. म्हणजे त्यांनी पराभूतांना निसर्गपुत्र केले नाही, राज्यकर्ते आणि शेतकरी केले. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीवर त्यांच्या अनेक व्युत्पत्ती टिकत नाहीत. पण पराभूतांना गाव आणि कारभार देण्याची त्यांची दृष्टी नंतरच्या अनेक रसिक पुनर्वाचनांपेक्षा अधिक ऐतिहासिक आहे. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये खांडवदाहाचा विचार केला तो याच अंगाने : वन जाळणे ही शेतजमीन मिळवण्याची क्रिया होती, आणि तीत वनातील जीव व माणसे होरपळली, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. त्यांच्या विवेचनात वनवासी पूजनीय होत नाहीत; ते मारले जातात, आणि का मारले जातात हे कळते.

यानंतरच्या काळात मात्र राक्षसाच्या समर्थनाने दुसरे वळण घेतले, आणि ते केवळ भारतात नव्हे. युरोपीय कल्पित साहित्यात राक्षसाचे काम करणारा ‘ऑर्क’ हा प्राणी येथे तुलनेस घेता येईल. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये ऑर्क हे झाडे तोडून भट्ट्यांत घालणारे, सूर्यप्रकाशाचा द्वेष करणारे सैन्य आहे. जनस्थानच्या राक्षसांप्रमाणेच त्यांची संख्या असते, शस्त्रे असतात, घरसंसार जवळजवळ नसतो. एक संपूर्ण जमात स्वभावतःच दुष्ट कशी असू शकते हा प्रश्न खुद्द टॉल्किन यांना अखेरपर्यंत छळत राहिला, आणि ऑर्कांच्या उत्पत्तीविषयी त्यांनी आपले मत पुन्हापुन्हा बदलले. पुढच्या पिढ्यांनी हे पात्र उलटे केले. रशियन लेखक किरिल येस्कोव यांच्या १९९९ च्या कादंबरीत शत्रूचा तोच प्रदेश विज्ञान आणि उद्योग यांकडे वळणारा समाज ठरतो. संगणकीय खेळांच्या ‘वॉरक्राफ्ट’ या मालिकेच्या २००२ मधील तिसऱ्या भागात ऑर्क हे पंचमहाभूतांशी संवाद साधणारी, आपल्या जुन्या श्रद्धेकडे परतणारी जमात होतात. तेव्हापासून हौशी कल्पनाविश्वात समुद्रकाठच्या एखाद्या गावात झाडांशी, लाटांशी आणि प्राण्यांशी सलोख्याने राहणारे ऑर्क सहज भेटतात. राक्षसाला अखेर गाव मिळाले असे वरवर वाटते. पण त्या गावात कोणी कर मागत नाही, हद्दीवरून भांडण होत नाही, दुष्काळ पडत नाही, आणि कोणाला मजुरीसाठी गाव सोडावे लागत नाही. ज्या गावाला इतिहास नाही ते गाव नसून देखावा होय.

हाच देखावा महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत प्रत्यक्ष माणसांवरही लादला गेला. डहाणूच्या परिसरातील वारली चित्रे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही कला स्वतःच्या बळावर मोठी आहे. पण शहरी दिवाणखान्यात आणि कापडावर ती गेली ती ‘निसर्गाशी एकरूप आदिवासी’ या सुट्या वाक्याची सजावट होऊन. तारप्याभोवतीचे वर्तुळ सर्वांना ठाऊक झाले. त्याच तालुक्यांत १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेला उठाव तितका ठाऊक झाला नाही. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात ते जीवन नोंदलेले आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघांनीही सावकाराकडे राबत राहायचे, अशी ‘लग्नगड्या’ची प्रथा तेथे होती. निसर्गाशी सलोखा आणि सावकाराची गुलामी ही एकाच गावातली, एकाच माणसाची दोन वास्तवे होती. चित्राचा रसिक पहिले उचलतो आणि दुसरे सोडतो. महाकाव्याच्या कवीनेही आपल्या हेतूला हवे तेवढेच उचलले होते.

५

काव्याने जे दिले नाही ते इतिहासाच्या साधनांनी किती दिले हे पाहणे आवश्यक आहे. एच. डी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले; त्याचा वृत्तांत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. नाशिकच्या मातीच्या गढीत ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या खुणा मिळाल्या. जोर्वे संस्कृती म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या या लोकांनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात गोदा-प्रवरेच्या खोऱ्यात शेती केली, गुरे पाळली, रंगीत मातीची भांडी घडवली आणि मुलांना रांजणांत पुरले. या लोकांना राक्षस किंवा आर्य अशी नावे देण्याचा मोह टाळला पाहिजे. पुरातत्त्व तशी नावे देत नाही. पण या खोऱ्यात प्राचीन काळी निव्वळ निबिड अरण्य होते, ही कल्पना त्या भांड्यांपुढे टिकत नाही. शिवाय रामायणातले जनस्थान ते हेच, हेही निर्विवाद नाही. पार्जिटर यांनी १८९४ मध्ये ते गोदावरी आणि प्राणहिता यांच्या संगमाकडे असावे असे सुचवले. तेलंगणातील भद्राचलमचा परिसरही पंचवटीवर आपला हक्क सांगतो. म्हणजे नाशिकचे जनस्थानपण हे श्रद्धेचे आणि वाङ्मयाचे सत्य आहे, आणि त्याचा विचार त्याच भूमिकेवरून व्हायला हवा.

याहून महत्त्वाचा पुरावा पांडवलेण्यांच्या भिंतींवर आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील उषवदाताचा लेख हा एका अर्थाने अरण्यकांडाचा प्रतिपक्ष आहे. नहपानाचा हा जावई आपली दाने मोजून सांगतो : इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या, नानंगोल गावातील ३२,००० नारळी दान दिल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी आणि नानंगोल म्हणजे किनाऱ्यावरचे नारगोळ, असे अभ्यासक मानतात. नाशिकच्या डोंगरात कोरलेल्या या ओळींत समुद्रकाठचे खरे गाव आहे : त्याला नाव आहे, झाडांची मोजदाद आहे, नदी ओलांडण्याची सोय आहे. अर्थात हा लेखही निर्दोष नव्हे. त्या नारळींना पाणी घालणारे हात कोणाचे, हे तो सांगत नाही. दात्याचे नाव येते, राबणाऱ्याचे नाही. तरी एवढे खरे की निसर्गाशी माणसाचा संबंध हा नुसता भाव नसून नावा, पाणपोया, झाडे आणि त्यांवरचा हक्क यांचा व्यवहार आहे, हे या लेखाला ठाऊक आहे.

हक्काचा हा व्यवहार इंग्रजी राजवटीत अधिक कठोर झाला. महादेव कोळ्यांच्या उठावाचे नेते राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याला फाशी देण्यात आले. सिन्नर भागात भिल्लांना घेऊन लढलेले भागोजी नाईक १८५९ मध्ये मारले गेले. सरकारी कागदांत हे लोक लुटारू म्हणून नोंदले गेले. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारी राखीव झाले. महाकाव्याने जे काम प्रतिमेने केले होते तेच आता कलमांनी केले : रानातला माणूस आधी संशयित ठरवावा, मग रान मोकळे करून घ्यावे. पुराणातील राक्षस म्हणजेच आजचे आदिवासी, असे समीकरण येथे अभिप्रेत नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून नाही आणि त्या समाजांना न्याय देणारेही नाही. सांगायचे ते इतकेच की राक्षस घडवण्याची जी रीत काव्यात दिसते ती काव्यापुरती राहिली नाही.

या रीतीला खरे उत्तर कोणत्याही पुनर्वाचनाने दिले नाही. ते रस्त्यावर मिळाले. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, ज्यांत आदिवासींची संख्या मोठी होती, नाशिकहून पायी निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईला पोहोचले. त्यांची मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे नावावर व्हावेत ही होती. नदीजोड प्रकल्पांत आदिवासी गावे बुडू नयेत, हीही मागणी होती. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून अखेरचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला. ‘आम्ही निसर्गाची लेकरे आहोत’ हा त्यांच्या मागणीचा पाया नव्हता. आम्ही ही जमीन कसतो, तिचा कागद द्या, असे ते म्हणत होते. राक्षसही नाही आणि वनदेवताही नाही. सातबारा मागणारा माणूस. जनस्थानचे ‘जन’ प्रथमच आपल्या गावासह दिसले ते असे.

६

या विवेचनातून एक वाङ्मयीन निष्कर्ष निघतो. प्रतिमा उलटी केल्याने तिची रचना बदलत नाही. राक्षसाला खल म्हणण्याऐवजी संत म्हटले तरी तो जोवर केवळ रानाचा अंश म्हणून वावरतो तोवर त्याला स्वतःचे मत, चूक, भांडण आणि भविष्य मिळत नाही. त्याला झाडासारखे निष्पाप ठरवणाऱ्या दृष्टीला त्याने विहीर खणावी, द्राक्षे लावावीत, मुलीला शहरात शिकायला पाठवावे हे रुचत नाही. मग तीच दृष्टी त्याच्यावर बिघडल्याचा आरोप करते. वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम यांच्या पिढीने आदिवासी कवितेत स्वतःचा आवाज उभा केला तो या दोन्ही भूमिका नाकारत. त्यांच्या कवितेतले रान हे वस्तीचे रान आहे. तेथे भूक आहे, सावकार आहे, साहेब आहे, आणि थट्टाही आहे.

निसर्गाशी सलोख्याचा आदर्श यामुळे खोटा ठरत नाही. तो कोणाच्या तोंडी घालावा एवढाच प्रश्न उरतो. २०२५ च्या अखेरीस, येत्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारण्याकरिता तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा नाशिककरांनी त्याला मोठा विरोध केला. तपस्व्यांच्या निवासासाठी तपोवनातलीच झाडे जाणार, हा विरोधाभास बहुतेकांच्या ध्यानात आला. पण या घटनेतील अधिक सूक्ष्म गोष्ट अशी की झाडांच्या बाजूने उभे राहिलेले लोक रानात राहणारे नव्हते. ते नोकरदार, विद्यार्थी, कलावंत, शेजारच्या वसाहतींतले रहिवासी होते. पाण्याचे आणि झाडांचे रक्षण ही एखाद्या आदिम जमातीची जन्मजात वृत्ती नसून कोणालाही स्वीकारता येणारी जबाबदारी आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. उत्तरकांडातील कथेत प्रजापतीने निर्माण केलेले प्राणी एकाच कुळातले होते; कोण राक्षस आणि कोण यक्ष हे त्यांनी दिलेल्या उत्तरावरून ठरले. ‘आम्ही रक्षण करतो’ असे म्हणणे हा वंश नव्हता, ते वचन होते. राक्षस या शब्दाचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत विसरलेला अर्थ.

जनस्थान हे नाव मिरवणाऱ्या शहराला आणि त्या नावाचा पुरस्कार देणाऱ्या साहित्यव्यवहाराला हा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही. रामायणाच्या कवीने १४,००० राक्षस मोजले आणि त्यांचे एकही घर दाखवले नाही. ती घरे कल्पनेने सुंदर करून दाखवणे हे आजच्या लेखकाचे काम नव्हे. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत आज उभी असलेली घरे, त्यांच्या दारातली हंडे-कळशांची रांग आणि त्यांच्या ट्रंकेत जपून ठेवलेले वनजमिनीचे दावे मराठी साहित्याने अजून पुरते वाचलेले नाहीत.